कॉमिक कॉनहून आत्ताच घरी
मुंबईत बीकेसीला जिओ वर्ल्डमध्ये कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-कार्टूनवेड्यांच्या जत्रेला जाऊन आले, जिथे लोक आवडत्या पात्रांचे वेष करून येतात, पायांची वाट लागलीय पण जाम मज्जा आली यार. 'नारुतो' या जपानी कार्टूनमधल्या टोळीसारखे लाल ढगांचे काळे झगे घातलेली पोरं तर पावलोपावली. खरी कमाल एका चिलखतवालीची, लोखंडच वाटलं म्हणून हात लावू का विचारलं तर योगा मॅटचा फोम निघाला, ग्लू गनने चिकटवून वर चंदेरी रंग, आणि मागे तिची आई फेविक्विक घेऊन उभी, खांद्याची पट्टी सुटली की लगेच "थांब गं, हलू नकोस!" आपल्याकडे २०११ ला दिल्ली हाटात सुरू झालेलं हे कॉमिक कॉन प्रकरण केवढं फोफावलंय! टीशर्ट नुसते बघितले, पैसे आर्टिस्ट ॲलीत घालवले, तिथे चित्रकार स्वतः बसलेले असतात ना, सहीसकट प्रिंट घेतली. आता भिंतीवर जागा करायला कॅलेंडर काढावं लागणार, आईला कोण सांगणार 😅