आधी बडव, मग भिजव

पितृपंधरवडा लागला की आमच्या आईच्या अंगात येतं. घटस्थापनेच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण, सतरंज्या, जाजम, पायपुसणी, सगळं बाहेर निघालंच पाहिजे, त्यात कामाचा वार, ऑनलाइन मीटिंग, पाठदुखी वगैरे काहीही चालत नाही. सातारकडची मामी याला 'दसरा काढणं' म्हणते. आमच्याकडे दसरा आई काढते आणि घाम माझा निघतो.

मागच्या वर्षी मी शहाणपणा केला होता. हॉलमधली सतरंजी (येरवडा जेलच्या विक्री केंद्रातून घेतलेली, कैद्यांनी विणलेली, लाल-निळ्या पट्ट्यांची, चांगली जाडजूड) सरळ लॉन्ड्रीत टाकली. नऊशे रुपये. परत आली ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, अत्तर मारल्यासारखा वास येत होता, मला तर एकदम नवीनच वाटली. आईने एक कोपरा उचलला, मनगटाने एक झटका दिला आणि फरशीवर बारीक रेती पडली. "नऊशे रुपयात वास आणलास," एवढंच म्हणाली आणि आत गेली. तो झटका मला वर्षभर पुरला.

म्हणून यंदा सगळं तिच्या पद्धतीने. आणि तिची पद्धत म्हणजे काय, तर पाणी सगळ्यात शेवटी.

हे तिच्या डोक्यात कुठून आलंय ते मला यंदा कळलं. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. तेव्हा आई नऊ वर्षांची, पुण्यात शनिवार पेठेत वाड्यात राहायची. पाणी ओसरल्यावर वाड्यात नुसता चिखल, आणि माजघरातलं लांबलचक जाजम, जे कार्याला पंगतीत अंथरायचे, ते चिखलाने इतकं जड झालेलं की चार माणसांना उचलेना. आता गंमत बघा, गावभर चिखल आणि नळाला पाणी नाही. पानशेतपाठोपाठ खडकवासलाही फुटलेलं, मग नळाला येणार कुठून? वाड्याच्या विहिरीचं होतं तेवढ्यात सगळ्यांचं भागवायचं, त्यात जाजम कोण धुणार? मग आजीने ते दोन खांबांच्या मध्ये टाकून ठेवलं, वर पाऊस चालूच, आठवडा लागला वाळायला. पूर्ण कडक झाल्यावर काठीने बडवलं तर चिखलाच्या खपल्याच्या खपल्या पडल्या म्हणे, आणि अर्ध्याच्या वर घाण पाण्याचा थेंब न लावता निघाली. "ओली माती चोळली की धाग्यात शिरते, वाळली की आपण होऊन सुटते," हे आजीचं वाक्य आई अजून जसंच्या तसं म्हणते. उरलेलं मग पुढे कधीतरी कालव्यावर नेऊन धुतलं. तेव्हा पर्वतीच्या बाजूला कालव्यावर गोधड्या धुवायला बायकांची ही गर्दी असायची, आता तिथे कपडा बुडवला तरी शिट्टी वाजेल.

तर हत्यारं. वेताची छडी हवी म्हणून बुरूड आळीत गेलो. तिथल्या आजोबांना म्हटलं, सतरंजी बडवायला काहीतरी द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता विचारणार, पोरंबाळं तर नाही ना मारत. मग आतून एक लांब, बोटाएवढ्या जाडीचा वेत काढला, दोन्ही हातांनी वाकवून सोडून दाखवला आणि म्हणाले, बांबू घेऊ नका, बांबू फुटतो आणि त्याची कड धागा तोडते, वेत वाकतो. पटलं. पुढे तुळशीबागेत पोळपाट-लाटण्यांच्या दुकानात लाकडी धोपटणं मिळालं. (धोपटणं, धुपाटणं नव्हे. बायकोने फोनवर नेमकं धुपाटणं ऐकलं आणि "म्हणजे तेलही गेलं तूपही गेलं का?" म्हणून दिवसभर हसत होती.) या दोघांची कामं वेगळी आहेत हे मला माहीत नव्हतं. वेत कोरड्यावर, धोपटणं ओल्यावर. कोरड्या सतरंजीवर धोपटणं मारलं की माती निघायच्या ऐवजी अजून आत दाबली जाते.

गच्चीवर आमच्या सोसायटीत पाटी आहे: "गच्चीवर सतरंज्या, गोधड्या आपटू नयेत. खालच्यांच्या चहात पडते. चहा आमचा असतो." कोणी लिहिलंय ते सगळ्यांना माहितीये. मी सकाळी सात वाजता, सगळ्यांचा चहा व्हायच्या आत, टाकीजवळच्या जाड पाइपवर सतरंजी टाकली. दोरीवर टाकायची नाही, दोरी झोल खाते आणि फटक्याचा जोर दोरीतच जातो.

आता इथे आई खुर्ची टाकून बसली, स्वेटर घालून, आणि सूचना चालू. उलटी टाक. म्हणजे जी बाजू जमिनीला असते ती तुझ्याकडे, मागून मारलं की घाण जशी आत शिरली तशीच पुढून बाहेर पडते. वाऱ्याकडे पाठ कर. वरून खाली ये, एकाच जागी मारत बसू नको. छडी टोकाने नाही, सगळी आडवी लागली पाहिजे. काठावर आणि गोंड्यांवर अजिबात नाही, गोंडे हाताने झटकायचे.

पहिल्या फटक्याला जे काही उडालं ना. उन्हाची तिरीप टाकीच्या बाजूने येत होती, त्यात तो धुरळा असा सोनेरी ढगासारखा उठला आणि मी रुमाल तोंडाला बांधलेला असूनही शिंकलो. दर आठवड्याला व्हॅक्यूम मारतो आम्ही! पण व्हॅक्यूम वरवरचे केस आणि भुगा ओढतो, जाड विणीच्या बुडाशी बसलेली रेती तिथेच राहते, आणि आपण चाललो की तीच रेती पायाखाली धाग्यावर घासत बसते. म्हणूनच सतरंजी दारासमोर आणि सोफ्यापुढे आधी विरते, कोपऱ्यात नाही.

आणि आवाज. सुरुवातीला आवाज येतो धप्प, उशीवर मारल्यासारखा. वीस-पंचवीस मिनिटांनी, खांदा भरून आल्यावर, तोच आवाज फट्ट असा कोरडा यायला लागतो. मी म्हटलं झालं, आई म्हणाली, "डाव्या बाजूला अजून धप्प आहे." डोळे मिटून बसली होती. डाव्या बाजूने अजून निघालीच. शेवटी केरसुणीने गोळा केलं तर भरून दोन सुपल्या माती.

याच जोशात मी लग्नात मिळालेला गालिचा पण टाकला पाइपवर. पांढरा भुगा निघायला लागला, मारतोय आणि निघतोच आहे, संपेचना. मला वाटलं किती ही घाण. मग हाताला चोळून बघितलं तर ती माती नव्हतीच, मशीनच्या गालिच्याला मागून जो लेप देतात तो जुना होऊन सुटत होता, म्हणजे मी गालिचा साफ करत नव्हतो, संपवत होतो. असल्या गालिच्याला नुसतं झटकायचं आणि ऊन दाखवायचं. आई पूर्वी त्यावर चहाचा ओलसर चोथा पसरून केरसुणी मारायची, धूळ चोथ्याला चिकटून येते, पण चोथा घट्ट पिळलेला हवा आणि गालिचा गडद रंगाचा हवा, नाहीतर डाग घेऊन बसा.

धुण्याबद्दल फार लिहीत नाही कारण ते नेहमीसारखंच. फक्त आधी पांढरं फडकं ओलं करून लाल पट्टीवर दाबून बघितलं, रंग आला नाही, मग गार पाण्यात भिजवली, गच्चीच्या उतारावर पसरली, साबण, काथ्याचा ब्रश, मग धोपटणं, मग पायाने तुडवणं. ओली सतरंजी दोन माणसांनाही पिळवत नाही, घडी करून पाइपवर टाकायची आणि निथळू द्यायची. आणि पाणी! मागे घरी धुतली होती तेव्हा पहिलं पाणी चहासारखं निघालं होतं, यंदा जेमतेम ताकाच्या निवळीसारखं. तेव्हा आईकडे बघायचं टाळलं.

दुपारी चारला परतीचा पाऊस आला. मी मीटिंगमध्ये. कॅमेरा बंद करून गच्चीवर पळालो तोवर सतरंजीचं पुन्हा गंगास्नान झालेलं. पुढचे दोन दिवस दर दोन तासांनी उलटीसुलटी करत बसलो, कारण आत जरा ओल राहिली की तो कुबट वास वर्षभर जात नाही.

आता राहिलीये बाबांची घोंगडी. तिच्याबाबत माझा रेकॉर्ड वाईट आहे. दुसरी एक होती, ती मी पाच वर्षांपूर्वी वॉशिंग मशीनला गरम पाण्यात लावली होती. लोकरीच्या केसाला खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून बसतात आणि परत सुटत नाहीत. मशीनमधून जे बाहेर आलं ते पायपुसण्याएवढं, पुठ्ठ्यासारखं जाड, आणि अजून बाल्कनीच्या दारात पायपुसणंच आहे. बाबा काही बोलले नाहीत, रोज त्यावर पाय पुसून आत यायचे, तेवढंच.

खरं तर घोंगडी शक्यतो धुवायचीच नाही. विणल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात, तो कडकपणा त्यातूनच येतो, आणि धुतली की खळ जाते. झटकायची, ऊन द्यायचं, कसर लागू नये म्हणून घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला. पण यंदा नातवाने तिच्यावर हॉट चॉकलेट सांडलंय, त्यामुळे इलाज नाही. सोडा नाही, पावडर नाही, मंडईतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून पाव किलो रिठे आणलेत. रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून बिया काढून कुस्करायचे, गाळून पूर्ण गार करायचं आणि त्यात घोंगडी नुसती दाबायची, चोळायची नाही, पिळायची नाही, सावलीत आडवी वाळवायची.

रिठे आत्ताच भिजत घातले. गच्चीची किल्ली मात्र सेक्रेटरी काकांनी परवाच्या फट्ट-फट्टनंतर स्वतःकडे घेतलीये, आणि ती मागायला कोण जाणार यावर घरात मतदान चालू आहे. सध्या मी तीन विरुद्ध एकने हरतोय.