ज्युनिअर म्हणजे लहान पोरं नव्हेत

जावई म्हणाला, "बाबा, संध्याकाळी ज्युनिअरची मॅच आहे, येता का?" मला वाटलं, शाळेची पोरं खेळत असतील. हिने तेवढ्यासाठी पिशवीत राजगिऱ्याच्या वड्या टाकल्या, पोरांना वाटायला. मैदानावर पोचलो तर गोलात जो गडी उभा होता त्याला टक्कल, गुडघ्याला पट्टा, आणि पोट जवळजवळ माझ्याएवढं. वड्या शेवटी मीच खाल्ल्या.

ही २०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. लेक-जावई आयर्लंडच्या पश्चिम टोकाला मेयो काउंटीत राहतात, वेस्टपोर्टपासून थोडं आत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. तिथला खेळ गेलिक फुटबॉल. क्लबांच्या तीन पायऱ्या: सिनिअर, इंटरमिजिएट आणि ज्युनिअर. वयाशी काही संबंध नाही. ज्युनिअर ही खालची पायरी, तिथं छोट्या गावांचे संघ असतात, नाहीतर मोठ्या क्लबांचे दुसऱ्या फळीचे. मी आपला आपल्याकडच्या वजनी गटाच्या हिशेबाने चाललो होतो.

मी कोण ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मूळचा वेल्हे तालुक्यातला. आता राजगड तालुका म्हणायचं, पण तोंडात वेल्हेच बसलंय. राहायला धायरीत. पस्तीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत काढली, आणि ती नोकरी मला कबड्डीने दिली. गावच्या संघात मी डाव्या कोपऱ्यावर खेळायचो. कंपनीच्या साहेबांनी एका यात्रेतल्या स्पर्धेत पाहिलं आणि आठ दिवसांत बोलावणं आलं. घरी दोन एकर वरकस जमीन आणि चार बहिणी. विचार करायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या वर्षी नसरापूरच्या बाजूला एका स्पर्धेत आमच्या कंपनीची गाठ माझ्याच गावाशी पडली. गावाकडून चढाईला आला माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णाची एक खोड होती. उजवा पाय लांब टाकून कोपऱ्याला स्पर्श करायचा आणि पाय मागे ओढायला जरा उशीर करायचा. हे जगात एकट्या मला माहीत होतं, कारण सरावात रोज त्याच्यासमोर मीच असायचो. दोनदा आला, दोनदा घोटा धरला. दुसऱ्यांदा तो पडल्या पडल्या माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्यानंतर अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

तर आता मेयो. पाऊस पडत होता, पण तो आपल्यासारखा कोसळत नाही, अंगावर बसतो. मैदान पाहून मी हबकलो. लांबी एकशे तीस मीटरच्या वर, रुंदी ऐंशीच्या वर, आणि गाव म्हटलं तर एक चर्च, एक शाळा, एक दुकान, दोन पब. मैदान क्लबच्या स्वतःच्या मालकीचं. मला सगळ्यात जास्त हेवा याचाच वाटला. आमचा संघ आयुष्यभर भात काढलेल्या खाचरात खेळला.

खेळ कळायला मला अर्धा तास लागला. एका बाजूला पंधरा जण. चेंडू हातात घेऊन चार पावलं पळता येतं, मग तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या चवड्याने उडवून परत हातात घ्यायचा. लागोपाठ दोनदा आपटायची परवानगी नाही, पायाने कितीदाही उडवा. हे पळता पळता, मागून कोणी खांदा मारत असताना करायचं. खांबांचा आकार रोमन एच अक्षरासारखा. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण; वरून गेला की एक. मी गेलो त्याच वर्षी नवा नियम आला होता, चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून वरून मारला तर दोन.

धावफलकावर १-९ आणि ०-१३ लिहिलेलं. मी जावयाला म्हटलं, एकोणीस-तेरा, आपण जिंकतोय की. तो म्हणाला, "नाही बाबा, पहिला आकडा गोलांचा. एक गोल म्हणजे तीन, आणि वर नऊ, म्हणजे बारा. आपण एकाने मागे आहोत."

दोन्ही गोलांपाशी पांढरे डगले घातलेली दोन-दोन माणसं उभी होती. मला वाटलं डॉक्टर. ते पंचाचे मदतनीस निघाले. गोल झाला की हिरवा झेंडा हलवायचा, एक गुण झाला की पांढरा, दोन झाले की नारिंगी. आणि गंमत म्हणजे ही चार माणसं मुख्य पंच स्वतःच आणतो, बहुधा स्वतःच्याच गाडीत घालून. कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा, कोणाचा शेजारी. आपल्याकडे असं केलं तर मांडवाचे बांबू निघतील.

मध्यंतराला तर कहरच. शिट्टी वाजली तशी काठावरची सगळी पोरं आपापले चेंडू घेऊन मैदानात घुसली. पाच वर्षांची, दहा वर्षांची, मुली सुद्धा. कोणी हाकललं नाही. दुसरा डाव सुरू व्हायच्या वेळी ती आपोआप बाहेर आली.

सामना संपला, आमचं गाव एका गुणाने हरलं. (आमचं गाव! तीन आठवड्यांत झालं होतं.) क्लबच्या खोलीत चहा आणि सँडविच. तिथं जावयाच्या खात्यातल्या माणसाचा धाकटा भाऊ भेटला, केस अजून ओले, गुडघ्यावर चिखल. तो डब्लिनला नोकरी करतो. शनिवारी गाडी काढून येतो, तीन-साडेतीन तास. सरावालासुद्धा. मिळतं काय? काही नाही. हा खेळ हौशी आहे, गावच्या संघाला पगार नाही तसा काउंटीकडून ब्याऐंशी हजार लोकांसमोर डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर खेळणाऱ्यालाही नाही. प्रशिक्षकांना टेबलाखालून पैसे मिळतात अशी कुजबूज तिथंही आहे, पण खेळाडू मंगळवारी सकाळी शाळेत शिकवायला नाहीतर गाई दोहायला हजर.

मी विचारलं, डब्लिनमध्ये घराजवळ क्लब असेलच, तिकडूनच का खेळत नाहीस? पोरगं हसलं आणि बोट दाखवलं. पलीकडे त्याचा भाऊ सँडविच खात उभा होता. म्हणाला, "आणि मग त्याच्याविरुद्ध खेळू?"

मी चहाकडे बघत बसलो. लेकीला वाटलं मला थंडी वाजतेय.

नंतर जावयाने समजावलं की हे नुसतं गावावरचं प्रेम नाही. नियमच तसा आहे. पुष्कळ काउंट्यांत एका चर्चच्या हद्दीतली वाडी-वस्ती म्हणजे एक क्लब, आणि त्या हद्दीतल्या पोराने तिथंच खेळायचं. क्लब बदलायचा तर राहण्याचं ठिकाण खरंच बदललंय का ते बघतात, परवानगी लागते, आणि गाव बोलतं ते वेगळंच. मला हे ऐकून बरं वाटलं, खरं सांगतो. कारण आपल्याकडे 'आमची माती' म्हणणारे पुष्कळ, पण स्पर्धेच्या पत्रकावर लिहिलेलं असतं 'बाहेरचे तीन खेळाडू चालतील'. मग एक लाखाचं बक्षीस, आमदारांचा फ्लेक्स, आणि तीन भाड्याचे चढाईपटू एका रात्रीत तीन गावांच्या यात्रा करतात. गावचं पोरगं पाण्याच्या बाटल्या वाहतं. पुणेरी पलटनने मार्च २०२४ मध्ये प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात हरियाणाला २८-२५ ने हरवलं तेव्हा मीही सोसायटीत पेढे वाटले. पण तो लिलावातून बांधलेला संघ आहे, त्याला पुण्याची माती लागली असं म्हणणं जरा अतीच.

हे गेलिक खेळ चालवणारी संघटना कधीची म्हणून लेकीने मोबाइलवर बघितलं. १ नोव्हेंबर १८८४, थर्ल्स नावाच्या गावात एका हॉटेलात मूठभर माणसं जमली होती. बोलावणारा मायकेल क्युसॅक, पेशाने मास्तर. लेक फर्ग्युसनची. ती लगेच म्हणाली, "बाबा, आमची डेक्कन एज्युकेशन सोसायटी २४ ऑक्टोबर १८८४ ची." म्हणजे आठवडाभराचं अंतर. इकडे टिळक-आगरकर शिक्षणसंस्था काढत होते, तिकडे तो मास्तर खेळ काढत होता, आणि दोघांच्या डोक्यावर साहेब एकच. आयर्लंडच्या लोकांनी हट्ट मात्र जास्तच ताणला. संघटनेच्या माणसाने क्रिकेट, सॉकर असले परदेशी खेळ खेळायचे नाहीत, बघायचेसुद्धा नाहीत, हा नियम १९७१ पर्यंत होता. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड १९३८ मध्ये सॉकरचा सामना बघायला गेले, तर त्यांना आश्रयदाते या पदावरून काढून टाकलं. राष्ट्राध्यक्षाला!

छोट्या गावाने मोठ्याला लोळवल्याच्या गोष्टी तिथं आजोबा सांगतात तशा सांगतात. मला आवडलेली किलकूची. डाउन काउंटीत मोर्न डोंगराच्या पायथ्याचं बारकं गाव. २०२२ च्या अखिल आयर्लंड क्लब अंतिम सामन्यात समोर किल्मकड क्रोक्स, डब्लिनच्या उपनगरातला भलामोठा क्लब. जादा वेळेच्या अगदी शेवटी किलकूने गोल मारला. २-८ विरुद्ध ०-१३. आता मला हिशेब येतो: चौदा-तेरा. पुढच्या वर्षी क्रोक्स जिंकले खरे, पण शेवटच्या मिनिटांत त्यांचे पंधरापेक्षा जास्त गडी मैदानात होते, त्यावरून महाभारत झालं. कबड्डीत आठवा गडी आत आला तर आंधळ्यालाही दिसतं, एवढ्या मोठ्या मैदानाचा हा तोटा.

खुद्द मेयोची गोष्ट मात्र रडवणारी. १९५१ नंतर काउंटीचा अखिल आयर्लंड चषक त्यांना मिळालेला नाही. २०१२ पासून २०२१ पर्यंत सहा अंतिम सामने हरले. म्हणे १९५१ चा संघ चषक घेऊन परतताना फॉक्सफर्डमध्ये अंत्ययात्रा चालली होती, हे नाचत-गात पुढे गेले, आणि पाद्र्याने शाप दिला. सांगणारे हसत सांगतात, पण पूर्ण हसत नाहीत. आपल्याकडे याला पाळणूक चुकली म्हणतात.

आणि गावं रिकामी होणं तिथंही आहेच. १८४१ मध्ये मेयोत ३ लाख ८९ हजार माणसं होती. मग बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, लोक मेले, जहाजांत बसून गेले. २०२२ च्या जनगणनेत १ लाख ३८ हजार. पुण्याच्या दोन-तीन प्रभागांत मावतील. तो टक्कलवाला गोलरक्षक वयाच्या पंचेचाळिशीत का उभा होता? तरणा गोलरक्षक सिडनीला गेला म्हणून. लहान मुलांचा पंधरा जणांचा संघ भरत नाही म्हणून शेजारच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैरी गावाबरोबर एकत्र संघ करतात. मोठं झाल्यावर परत वेगळे.

आता आमचं. धायरी, नऱ्हे, वारजे इथं मिळून आमच्या गावची चाळीसेक घरं आहेत. गाव दीड तासावर. यात्रेला आम्ही सगळे जातो, पांढरा सदरा, पालखीला खांदा, मटण, आणि रात्री नऊला परत, कारण सकाळी पाणी येतं. या चैत्रात मी मुक्कामाला राहिलो. रात्रीच्या स्पर्धेत आमच्या संघात गावचे पाच, आणि दोघे ओढ्यापलीकडच्या गावचे. त्या गावाशी माझ्या तरुणपणी आमची बोलाचाली दगडांनी व्हायची. संघाची वही अजून अण्णाकडेच असते. त्याने दाखवली. शाळेचा पट अकरा, त्यात मुलगे सहा.

म्हटलं, अण्णा, धायरीतल्या पोरांना शनिवारी घेऊन येतो की. दोन गाड्या भरतील. तो म्हणाला, "आधी तू येऊन दाखव." मग मी जूनपर्यंत चार शनिवार गेलो, दोनदा तीन पोरं आली, एकदा एक, एकदा मी एकटाच. एकटा गेलो त्या दिवशी अण्णाने मला कोपऱ्यात उभं करून पाय टाकून दाखवला. सदुसष्टाव्या वर्षी. खोड तशीच आहे. मी धरला नाही.

नंतर ओट्यावर बसून त्याला मोबाइलवर मेयोचा व्हिडिओ दाखवला. बराच वेळ बघून म्हणाला, "हे डगलेवाले कोण? डॉक्टर?"

"नाही. पंचाचे भाऊ."

"मग तुझं गाव हरणारच होतं," अण्णा म्हणाला, आणि आत चहा सांगितला.