फुटाला दोन सूत

स्मरणिकेच्या समितीतल्या मुलाचा फोन आला. "काका, मुखपृष्ठ तयार आहे. निळ्याचा ग्रेडियंट दिलाय." माझ्या तोंडून निघून गेलं, "एकास किती?" पोरगा गोंधळला. त्याच्या लेखी ग्रेडियंट म्हणजे गडद निळा रंग हळूहळू पांढरा होत जाणं. माझी ३९ वर्षं रेल्वेच्या इंजिनात गेली, मला त्या शब्दासरशी रुळांलगतची चढ-उताराची पाटी दिसते. तुम्ही लेख मागितलात शाळेवर, मी लिहिणार बाईंवर. चालवून घ्या.

बाई म्हणजे आपल्या गणिताच्या बाई, नाव सांगायला नको. १९७८ चा जून. तळमजल्याच्या व्हरांड्यात नवी शहाबादी बसत होती. मिस्त्री नळीत पाणी भरून पाणसळ बघत होते आणि मी वर्गाबाहेर उभा होतो (का, ते सोडा). बाई बाहेर आल्या. मिस्त्रींना विचारून घेतलं: ढाळ मैदानाकडे फुटाला दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), जिन्याजवळच्या मोरीकडे एक सूत. मग माझ्याकडे वळल्या. "काय रे, इथे पाणी सांडलं तर कुठे जाईल?"

"मैदानाकडे. तिकडे ढाळ जास्त आहे," मी छातीठोक सांगितलं.

बाईंनी तांब्या कलता केला. धार ना सरळ मैदानाकडे गेली, ना मोरीकडे. तिरकी निघाली. बाईंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि धारेला पट्टी लावली: मैदानाकडे दोन वीत, तर मोरीकडे एक. तोवर अख्खा वर्ग बाहेर आला होता आणि मिस्त्री वैतागले होते. "आता या तिरक्या वाटेचा ढाळ काढा." पायथागोरस लावला, पाचाचं वर्गमूळ आलं. सव्वादोन सुतांना जरासा कमी, म्हणजे दोन्हींपेक्षा जास्त. पाण्याने सगळ्यात तीव्र उतार आपला आपण शोधला होता!

बाई म्हणाल्या, नुसता आकडा पुरत नाही, दिशाही लागते. सर्वांत जास्त चढ जिकडे, ती प्रवणतेची, म्हणजेच ग्रेडियंटची दिशा. पाणी नेमकं तिच्या उलट. भूगोलाच्या नकाशातल्या समोच्च रेषांना ती काटकोनात छेदते. बाईंचं संस्कृतही पक्कं. प्रवण म्हणजे उतरता, कललेला. दुष्काळप्रवण तालुका म्हणतो तो त्यातलाच. आणि उतार जमिनीलाच असतो असं नाही. डोंगरावर किलोमीटरभर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, तीही प्रवणताच. मुखपृष्ठाच्या निळ्या रंगाला बाईंनी नक्की पास केलं असतं.

१९८४ साली रेल्वेत लागलो. प्रशिक्षणात साहेबांनी विचारलं, कसारा घाटात १:३७ म्हणजे काय? सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, हे सगळ्यांनी सांगितलं. कोन किती, तर कोणी दहा अंश म्हणालं, कोणी पंधरा. मी म्हटलं, दीडच्या आसपास. डोळ्याला सपाटच वाटावा असा. पण हजार टनांच्या गाडीला त्या चढावर सुमारे २७ टनांचा जोर सतत मागे ओढतो, आणि लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड ती किती! म्हणून कसाऱ्याला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात. माझी पाठ थोपटली गेली. ती थाप बाईंची होती.

हल्ली मी आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. व्हीलचेअरसाठी रॅम्प केला तो एकास पाच, म्हणजे घसरगुंडीच. तोडून एकास बारा करून घेतला. कंत्राटदाराशी भांडण झालं, चार सभासद अजून बोलत नाहीत.

हा लेख द्यायला परवा शाळेत आलो होतो. व्हरांड्यात आता चकचकीत टाइल्स आहेत. शहाबादी कधी गेली कोण जाणे. आजूबाजूला कोणी नाही असं बघून बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. तिथेच थारोळं होऊन राहिलं, कुठेच जाईना. तेवढ्यात शिपाईमामा फडकं घेऊन आले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, की मी मुकाट्याने ते फडकं त्यांच्या हातातून घेतलं.