फिकी पडलेली उलवा परत हिरवी: सोलापुरातल्या खाऱ्या टँकची नोंद

उलवा, म्हणजे पातळ पानांचं हिरवं समुद्री शेवाळ, पुन्हा हिरवी झाली आहे. मागच्या नोंदीतल्या फोटोत पानं पिवळट दिसत होती, कडा तर आरपार. बहुतेकांनी सल्ला दिला, फॉस्फेट वाढलंय, ते काढून टाकणारा रिमूव्हर टाका. मी टाकला नाही. फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आसपास होतं हे खरं, पण सोबत नायट्रेट शून्य होतं. नायट्रेटमधून शेवाळाला नायट्रोजन मिळतो, फॉस्फेटमधून फॉस्फरस, म्हणून हे दोन आकडे एकत्रच वाचायला हवेत.

समुद्रातल्या प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांत) कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण १०६:१६:१ असतं. तळाला धरून वाढणाऱ्या शेवाळांसाठी मात्र ॲटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी १९८३ मध्ये ५५०:३०:१ हे प्रमाण मांडलं. म्हणजे तेवढ्याच फॉस्फरसमागे नायट्रोजन जवळपास दुप्पट लागतो. उलवा जोमात वाढायला लागली की आधी नायट्रोजनच तुटणार.

त्यात वाळूची भर. माशांनी सोडलेला अमोनिया वरच्या थरात नायट्रेट होतो, खाली जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले जीवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फरसला अशी पळवाट नाही. तो लोहाच्या ऑक्साइडला नाहीतर शिंपल्यांच्या चुन्याला चिकटून बसतो. ऑक्सिजन संपला की लोह त्याला सोडून देतं. उथळ किनाऱ्यावर पाणी थोडं आणि तळ भरपूर, त्यामुळे तिथेही हाच हिशेब चालतो. किनारी पाण्यात बहुधा नायट्रोजनचा तुटवडा असतो, त्याचं हे एक मोठं कारण. सांडपाण्यातून, शेतातल्या खतातून तो भरून निघाला की उलवा कशी उसळते ते २००८ मध्ये चीनमधल्या छिंगदावला ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींआधी सगळ्यांनी पाहिलं.

माझ्या टँकमध्येही नायट्रोजनच कमी पडत होता, म्हणून सोडियम नायट्रेटचं पातळ द्रावण, रोज थोडं, दिवे लागताना. आठवड्याभरात नव्या पानांना रंग आला, फॉस्फेटही उतरू लागलं. नायट्रेटची टेस्ट मात्र अजून शून्यच दाखवते. त्याने घाबरू नका. पंगत उठल्यावर पातेलं रिकामं दिसतं, म्हणून कोणी जेवलंच नाही असं नसतं. किट फक्त उरलेलं मोजतं. खरा हिशेब कापणीचा. दर रविवारी मूठभर उलवा काढतो, पिळून तिचं वजन लिहून ठेवतो. टँकबाहेर गेलं तेवढंच कमी झालं. आत कुजू दिलं तर सगळं परत पाण्यात.

बाकी किरकोळ. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे आरओचं पाणी भरून ठेवावं लागतं. उजनी धरणाचं पाणी थेट टाकण्याचा विचारही करू नका, पुणे-पिंपरीचं सांडपाणी तिथेच उतरतं. उन्हाळ्यात बाष्पीभवन जबर, पण मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची. आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे: पाण्यावर साधा पंखा सोडला तरी टँक चांगला थंड होतो. मुंबईकरांना दमट हवेत तेवढा फरक पडत नाही. वीज गेली की बॅटरीवरचा एअर पंप आपोआप सुरू होतो. वाळूतला फॉस्फरस अडकून राहावा म्हणूनही तो हवाच.

आता छोट्या टँकमध्ये प्रवाळाच्या वाळूऐवजी भीमेची वाळू धुऊन घातली आहे. बेसॉल्टमुळे तिच्यात लोह असणार, ते फॉस्फेट किती धरतं ते बघायचंय. नदीच्या वाळूवर खारा टँक कोणी चालवला असेल तर फॉस्फेटचे आकडे टाका, शक्यतो दिवे लागण्याआधी घेतलेले.