माती गेली कुठे?

जंगलात गेल्यावर माणसं वर बघतात. मी खाली बघतो. यात नम्रता वगैरे काही नाही. काही वर्षांपूर्वी पाल्यापाचोळ्याने भरलेल्या एका खड्ड्यात माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि पुढचे तीन आठवडे मी घरात पडून चहा मागत होतो. चहा शेवटपर्यंत मिळाला. सहानुभूती चौथ्या दिवशी संपली.

तेव्हापासून मला खड्डे दिसतात. आणि एकदा दिसायला लागले की रान म्हणजे नुसती झाडं उरत नाहीत. कुणीतरी इथे काहीतरी केलंय, आणि न सांगता निघून गेलंय, असं पावलोपावली वाटत राहतं.

मामाचं गाव कन्नड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेला पाठ लावून बसलेलं. वर गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली ते जाहीर झालं, पण मामाच्या बोलण्यात ते अजून 'जंगल'च आहे. अंजन, सलई, धावडा, पळस, टेंभुर्णी आणि मधल्या सगळ्या जागेत घाणेरी. पलीकडे उतरलं की चाळीसगाव. घाटाला नाव मिळालं ते जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, तोच हा. बोलताना मात्र सगळे कन्नडचा घाट म्हणतात, आणि घाटात गाड्यांची रांग लागली की आणखीही बरंच काही म्हणतात.

तर या डोंगराच्या अलीकडच्या अंगाला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गेल्या डिसेंबरात मला तो खड्डा सापडला.

खड्डा म्हणणं म्हणजे कमीपणा आणणं आहे. चाळीस पावलं लांब, वीसेक पावलं रुंद, कडा झिजलेल्या तरी सरळ. खोली माझ्या कमरेच्या थोडी वर. आणि आत, सपाट तळावर, मातीचे नऊ खांब उभे. मुरमाचे, खाली जाड, वर निमुळते, माथा जेवणाच्या पाटाएवढा. प्रत्येकाच्या डोक्यावर वाळलेल्या गवताचा एकेक झुपका, लहान मुलाची शेंडी राखावी तसा. जरा लांबून डोळे बारीक करून पाहिलं तर खांबांचे माथे बाहेरच्या जमिनीशी अगदी एका पातळीत होते. फक्त एक, बोरीच्या झुडपाजवळचा, चार बोटं वर निघालेला.

झालं. माझ्या डोक्यात नगारे वाजायला लागले. नऊ खांब म्हणजे नवग्रह. उंच आहे तो सूर्य. मामेभाऊ म्हणाला, हत्तीखाना असेल, हे हत्ती बांधायचे खुंट. मातीच्या खुंटाला बांधलेला हत्ती कितीसा थांबणार, हा प्रश्न आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारला नाही. त्याने एका खांबावर डबा उघडला. मी टेप काढून उंच्या मोजल्या, आकडे फोनमध्ये टिपले आणि फोटो काढले, डबा चौकटीत येणार नाही अशा बेताने.

आपल्याकडे ही जुनी खोड आहे. कुणी केलं ते ठाऊक नसलं की ते पांडवांनी केलं. नाशिकची लेणी बौद्धांची, दान देणाऱ्यांची नावं भिंतीवर कोरलेली, तरी नाव पांडवलेणी. याच डोंगरात पाटणादेवीच्या वरच्या अंगाला कोरीव गुंफा आहेत, त्यांची नावं सीतान्हाणी, शृंगार चावडी. सीतामाई वनवासात जिथे जिथे न्हाली ती सगळी ठिकाणं जोडली तर तिला दुसरं काही करायला सवडच मिळाली नसावी. मी हसतो या नावांना. आणि मी मात्र एका दुपारी नवग्रह मंदिर बांधून मोकळा झालो होतो.

फोटो पाहून नाना काही बोलला नाही. नाना मामाचा दोस्त, आयुष्यभर वनखात्यात मजूर म्हणून राबलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला रानात घेऊन गेला, पण थेट खड्ड्याकडे नाही. वाटेत एकेक दाखवत. त्याचा एकच नियम : "खड्डा बघू नका भाचे, माती बघा. माती कुठं टाकली ते बघा."

डोंगराच्या उतारावर लांबच लांब आडवा चर दिसला. उकरलेली माती चराच्या खालच्या अंगाला रचलेली. म्हणजे वरून पळत येणारं पाणी थोपवायला. कागदावर याचं नाव सलग समतल चर, बोलण्यात सीसीटी. दोन फूट रुंद, एक फूट खोल, आणि पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत एकाच पातळीत. जरा कुठे कललं की पाणी मुरायचं सोडून त्या बाजूला धावतं आणि चराचा ओढा होतो. समोरच्या टेकडीवरून पाहिलं तर कुणीतरी डोंगराला कंगवा फिरवल्यासारखं दिसतं.

पुढे तसलाच एक चर, पण खोल, आणि माती उताराचा विचार न करता सगळीकडून आतल्या बाजूला टाकलेली. हा पाण्यासाठी नाही, गुरांसाठी. आत कधीकाळी रोपं लावली होती. गाय चरात उतरली तरी समोरच्या मातीच्या ढिगावर चढायचा कंटाळा करते, असा त्यामागे हिशेब. "शेळी करत नाही कंटाळा," नाना म्हणाला, आणि आतल्या लागवडीचं काय झालं ते मला वेगळं विचारावं लागलं नाही.

मग रांगेत सारख्या अंतरावरचे छोटे खड्डे, बुजत आलेले. रोपांचे. त्यांपैकी किती जगली हा वनखात्याच्या मजुराला विचारण्याचा प्रश्न नव्हे. एका सपाट जागी माती काळी, बोटांना कोळशाची भुकटी लागणारी, आणि गोल वाळल्या थाळीसारखी जागा, मधोमध फारसं काही न उगवलेली. ही कोळशाची भट्टी. लाकडं रचायची, वर पाला आणि माती थापायची आणि आतल्या आत दिवसचे दिवस धुमसत ठेवायची. भट्टीवाले सगळं कुटुंब घेऊन तिथेच राहायचे, कारण माती कुठे फुटली आणि आत वारा शिरला तर कोळशाऐवजी राख हातात येते. रानडुकरांनी उकरलेली जमीन तर आता मीही ओळखतो : दारू पिऊन नांगर धरल्यासारखी.

एक खड्डा मात्र ताजा होता. शेंदूर फासलेल्या एका जुन्या दगडाच्या बुडाशी, माती घाईघाईने चारी दिशांना उडवलेली. बाजूला सुकलेली लिंबं. गुप्तधन. नाना थुंकला. सापडलं काय असेल, म्हणून मी विचारलं. "कंबरदुखी," तो म्हणाला. गुप्तधनाचा कायदा आपल्याकडे १८७८ सालचा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर सरकारला कळवावं लागतं. दहा रुपये तेव्हा मोठी रक्कम होती. आज लिंबांचा खर्च वसूल व्हायच्या आत माणूस कायद्यात सापडेल.

एवढं झाल्यावर आम्ही माझ्या नवग्रहांपाशी पोचलो. नाना काठावर बसला, तंबाखू मळली आणि मला म्हणाला, "आता सांगा. माती कुठंय?"

मी खड्ड्याभोवती चक्कर मारली. माती नव्हती. ढीग नाही, बांध नाही, वरच्या अंगाला नाही, खालच्या अंगाला नाही. एवढ्या मोठ्या खड्ड्यातून निघालेली शेकडो गाड्या माती कुठेच नव्हती. काल हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी खांबच मोजत बसलो होतो.

नानाने काठी खाली रोखली. दोनशे पावलांवर एक लांबट टेकाड होतं, बाभळींनी भरलेलं. आदल्या दिवशी त्याच टेकाडाच्या सावलीला आम्ही पाणी प्यायलो होतो. ते टेकाड नव्हतंच. पाझर तलावाचा बांध होता. पलीकडे तलावाच्या जागी आता गाळ आणि बेशरमीचं रान. माती सगळी तिथे होती, आणि ती डोक्यावरून गेली होती.

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या घरात हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, अन्न टाकलं की हमखास. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली. कायदा झाला १९७७ साली, लागू झाला २६ जानेवारी १९७९ला. हे मी शाळेत पाठ केलेलं होतं. त्याचा एक खड्डा असा मातीच्या खांबांसकट माझ्यासमोर येईल असं मात्र शाळेने सांगितलं नव्हतं.

खांबांचं गुपित मामाच्या शेजारच्या मावशींनी सोडवलं. मावशी सत्तरीला टेकल्यात. तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या असतील. मी फोटो दाखवला. त्यांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ घेतला.

"हे तं मापाचे हाय," त्या म्हणाल्या. "एवढं काय बघू राहिले त्याच्यात?"

काम अंगावर असायचं, मापावर. जेवढी माती काढाल तेवढे पैसे. लांबी-रुंदी टेपने कळते, पण खोली? जमीन आधी कुठवर होती हे खणून झाल्यावर कोण सांगणार? म्हणून खणताना मधेमधे जमिनीचा एकेक तुकडा तसाच सोडायचा, वरच्या गवतासकट. गवत म्हणजे पुरावा, की हा माथा मूळ जमिनीचा आहे. मोजणीला साहेब आला की प्रत्येक खांबाची उंची घेणार, सगळ्यांची सरासरी काढणार, तिला लांबी-रुंदीने गुणणार आणि आकडा ब्रासमध्ये लिहिणार. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट बाय दहा फूट बाय एक फूट. माती किती लांब आणि किती उंच वाहिली त्याचे पैसे वेगळे. माप झालं की खांब पाडले तरी चालायचं. पण ज्याचे पैसे मिळणार नाहीत ती माती फुकट कोण उचलेल? म्हणून ते राहिले.

माझे नवग्रह म्हणजे पावती होती. ५० वर्षं उन्हापावसात फाईल न करता ठेवलेली.

इथे मला थोडं विषय सोडून बोलायचं आहे, पण फार नाही, कारण ठिकाण तेच आहे. याच रांगेच्या चाळीसगावकडच्या पायथ्याला पाटण गाव. तिथे इ. स. १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. त्या ग्रंथांतल्या लीलावतीत खातव्यवहार नावाचं अख्खं प्रकरण आहे, खड्ड्यांच्या गणिताचं. खड्डा सगळीकडे सारखा नसेल तर रुंदी, लांबी, खोली वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, बेरीज करा, जितक्या ठिकाणी मोजलं तितक्याने भागा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी डोंगराच्या त्या बाजूला मठात बसून पोरं जे गणित घोकत होती, तेच गणित या बाजूला बहात्तर साली ओव्हरसिअर उन्हात उभा राहून करत होता. उत्तर ऐकायला समोर बाया डोक्यावर चुंबळ ठेवून उभ्या. भास्कराचार्यांना खड्ड्यात किती माती आहे हे काढता येत होतं. घमेल्याचं वजन संध्याकाळी मानेला किती लागतं, ते मावशींना.

मावशी मग बोलतच राहिल्या. सुकडी मिळायची, ती खाऊन पोट गच्च व्हायचं. अमेरिकेतून आलेली मिलो, लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात बसायची. लहान भावंडांना बाभळीखाली झोळीत टाकायचं आणि थोरल्या पोरीने फेऱ्यांच्या मधे एक झोका देऊन जायचं. मुकादम हजेरीला वेळेवर यायचा, पगार घेऊन यायचा तेव्हा मात्र त्याची सायकल पंक्चर व्हायची. यातलं काही सांगताना त्यांच्या आवाजात कुठे रड नव्हती. तलावात पहिल्या पावसाचं पाणी साठलं तेव्हा अख्खं गाव बांधावर जाऊन बसलं होतं, हे सांगताना तेवढ्या जरा थांबल्या.

"तुम्ही मोजलं म्हणं टेपनं?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी. साडेतीन फूट आहेत सगळे. एकच सोडून."

"कोणता?"

"बोरीजवळचा. चार बोटं उंच आहे."

मावशींनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं, त्यांना ठसका लागला. मग खांदे हलायला लागले.

"रातच्याला जाऊन माय बांधावरून गवताची ढेप काढून आणायची," त्या म्हणाल्या. "अलगद, मुळासकट. खुंटाच्या डोक्यावर बसवायची अन् वरून तांब्याभर पाणी. सकाळी सायबाला काय कळतंय? चार बोटं सरासरीत गेले तरी एका टायमाची ज्वारी निघायची."

"मग तो उंच खुंट..."

"आमचाच असंल," मावशी म्हणाल्या, आणि फोन परत मागून घेतला. फोटो दोन बोटांनी मोठा करायला त्यांना नातवाने शिकवलं होतं.