पॅड बदलायच्या आधी हे करून पाहा

टचपॅड मधेच बंद पडायचा, म्हणून एमजी रोडवरच्या एका दुकानात लॅपटॉप दाखवला. काउंटरवरच्या माणसाने दोनदा बोट फिरवलं आणि निकाल दिला, "पॅड गेलाय, बदलावा लागेल." विंडोजऐवजी लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टम) आहे म्हटल्यावर, "मग विंडोज टाकून घ्या." मागचं झाकणही उघडलं नव्हतं. पॅड ठणठणीत होता, म्हणून तो राग अजून आहे.

लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला की पॅड नीट चालायचा. झाकण मिटून उघडलं की बोट फिरवा नाहीतर आपटा, बाण जागचा हलत नसे. असं ठरावीक वेळीच बिघडत असेल तर संशय आधी ड्रायव्हरवर, म्हणजे पॅड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घ्या. टर्मिनलमध्ये 'सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' ही कमांड चालवून बोट फिरवा (उबंटू या लिनक्सवर त्यासाठी लिबइनपुट-टूल्स टाकावं लागतं). ओळी सरकल्या नाहीत तर पॅडकडून काही येतच नाहीये; डेस्कटॉपच्या सेटिंग चाळण्यात वेळ घालवू नका.

माझं घोडं अडलं ते पुढे. आजकालचे बरेचसे पॅड आयटूसी नावाच्या जोडणीवर असतात, त्यामुळे ड्रायव्हर काढून परत घातला की जागे होतात. जुन्या सूचनांत ड्रायव्हर काढायला 'मॉडप्रोब -आर आयटूसी_हिड' असं असतं. ते दिलं की उत्तर येतं, मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा) वापरात आहे. कितीही वेळा द्या, तेच. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१२ पासून या ड्रायव्हरचे तुकडे झालेत. काढायचा तो 'आयटूसी_हिड_एसीपीआय'. त्याने धरून ठेवलंय तोवर खालचा सुटत नाही. हे नाव घालून काढला, परत घातला, आणि बाण हलला! पॅड पीएस/२ या जुन्या जोडणीचा असेल तर हाच प्रयोग 'पीएसमाउस'वर करा.

दर वेळी हाताने कोण करणार? लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या 'सिस्टम-स्लीप' फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा, ती लॅपटॉप झोपताना आणि उठताना आपोआप चालते: पहिला शब्द 'प्री' (झोपण्याआधी) आला तर मॉड्यूल काढ, 'पोस्ट' (उठल्यावर) आला तर घाल. तिला चालवण्याची परवानगी 'सीएचमॉड +एक्स'ने द्यायला विसरू नका. परवानगी नसेल तर ती गुपचूप वगळली जाते, चूकही दिसत नाही. माझी एक संध्याकाळ त्यातच गेली.

एक राहिलंच, आणि खरं तर हे सगळ्यात आधी बघायचं. बाण मरत नसून नुसता उड्या मारत असेल तर चार्जर काढा. बॅटरीवर शांत झाला तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत सॉकेट तीन पिनांचं दिसतं, पण अर्थिंगची तार कित्येकदा आत जोडलेलीच नसते. लॅपटॉपच्या धातूवरून हाताची मागची बाजू हलकेच फिरवली की मुंग्या येतात, ती हीच खूण. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि पॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, क्लिक दबत नसेल, तर कमांड बाजूला ठेवा. खाली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग थांबवा, पॅड दाबू नका, बॅटरी बदलून घ्या.