प्रश्नोत्तराचा तास बघत जा

आज रजेवर होते, म्हणून सकाळी अकराला टीव्हीवर लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास लावला आणि शेवटपर्यंत बघितला. एका खासदाराने रिक्त पदांबद्दल विचारलं. मंत्र्यांनी ठरीव उत्तर वाचलं. खासदार पुन्हा उठले, "भरती पूर्ण कधी होणार, तारीख सांगा." मंत्र्यांना फाइलची पानं उलटावी लागली. लोकशाही चालते ती अशी, आणि हे बघून मला मनापासून बरं वाटलं.

संध्याकाळच्या बातम्यांत मात्र यातलं अक्षरही नव्हतं. गोंधळ नाही, सभात्याग नाही, मग दाखवणार काय! त्याऐवजी एका अभिनेत्रीच्या घटस्फोटावर तासभर चर्चा. सिनेमा मलाही आवडतो, पण कुणाचा मोडलेला संसार म्हणजे करमणूक नव्हे. पडद्यावर सहा चौकटी, सहाही जण एकदम ओरडतायत. याचा मला राग येतो.

तारांकित प्रश्न दिवसाला जास्तीत जास्त २०. त्यांची उत्तरं तोंडी द्यावी लागतात, त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. तेही सगळे तासाभरात होत नाहीत. बाकीची उत्तरं लेखी येतात आणि ती लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. आपल्या खासदाराचं नाव टाकून शोधा. त्यांनी काय विचारलं, किती विचारलं, सगळं समोर येतं. पुढच्या वेळी ते मत मागायला आले, की मी ही यादी हातात घेऊनच बोलणार आहे.